प्रश्न वाचकांचे : फ्लेक पेटत नाही, जीभ मात्र भाजते

पाइपच्या तंबाखूवर आलेल्या पत्रांत या वेळी फ्लेकचीच गर्दी आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पानाची मधली जाड शीर काढतात, पानं थरावर थर रचून ऊब देऊन दाबतात आणि तयार झालेल्या वडीचे दीड-दोन मिलिमीटर जाडीचे काप करतात. हा काप म्हणजे फ्लेक. दाबामुळे पानांचे रस एकमेकांत मुरतात आणि तंबाखू सावकाश जळतो. फ्लेकची मजा या दाबण्यातून येते आणि त्याच्या तक्रारीही तिथूनच.

प्रश्न : काप मोडून पाइपमध्ये भरतो. दहा-बारा काड्या ओढूनही धड पेटत नाही, पेटला तर दोन झुरक्यांत विझतो. डबा खराब निघाला का? (पुणे)

डबा बहुधा उत्तम आहे. तंबाखू ओला आहे आणि घट्ट भरला गेलाय. काप मोडू नयेत आणि डब्यात मुरत राहावेत म्हणून फ्लेक मुद्दाम ओलसर ठेवतात. ती ओल साठवणीसाठी असते, ओढण्यासाठी नाही.

सुरुवातीला काप पूर्ण मोकळा करून घ्या. मध्यम पाइपला (बाउलचा, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीचा, आतला व्यास 19-20 मिमी, खोली 35 मिमीच्या आसपास) दीड ते दोन ग्रॅम तंबाखू लागतो. पहिल्या काही वेळा छोट्या डिजिटल काट्यावर वजन करून घ्या, मग अंदाज बसतो. काप तळहातावर घ्या आणि खायचा तंबाखू मळतात तसा अंगठ्याने चोळा. फक्त चुना नको आणि जोरही नको. धागे सुटे व्हायला हवेत, भुकटी नको.

मग कोऱ्या कागदावर पसरून ठेवा. वर्तमानपत्र टाळा, शाईचा वास लागतो. बहुतेक फ्लेकना अर्धा ते एक तास पुरतो. इंग्लंडातल्या केंडल गावच्या सॅम्युअल गॅविथ कंपनीचे फ्लेक मात्र चांगलेच ओले असतात. त्यांना दोन-तीन तास द्या, कधी रात्रभरही ठेवावे लागतात. परीक्षा सोपी आहे. चिमूट दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर ओला, हळूहळू उलगडला तर तयार, करकरून तुटला तर जास्त वाळला. शंका आली तर थोडा जास्तच वाळू द्या. वाळलेला फ्लेक निदान पेटतो तरी.

भरताना जाड तुकडे तळाला आणि बारीक भुगा वर ठेवा. पहिला थर नुसता पडू द्या, दुसरा बोटाने हलकेच बसवा, तिसऱ्याला किंचित दाब द्या. काठाखाली तीन-चार मिमी जागा सोडा. आता न पेटवता ओढून पाहा. गाल आत ओढले जात असतील तर टोचत बसू नका, सगळं काढून पुन्हा भरा. फ्लेक तापला की फुगतो, म्हणून सुट्या कापलेल्या तंबाखूपेक्षा तो नेहमी सैल भरायचा. घट्ट भरलेला पाइप पेटवल्यावर आणखी घट्ट होतो. तुमच्या दहा-बारा काड्या तिथेच जातात.

काडीचं गुल जळून जाऊ द्या. ज्योत तंबाखूच्या किंचित वर धरून गोल फिरवा आणि तीन-चार आखूड झुरके घ्या. तंबाखू उसळून वर येईल, काळा पडेल आणि विझेल. विझू द्या, ही फक्त तयारी आहे. टँपर (तंबाखू दाबायची सपाट टोकाची दांडी) त्याच्या स्वतःच्या वजनानेच टेकवून पृष्ठभाग सपाट करा आणि पुन्हा पेटवा. एका बाउलमध्ये तीन-चार वेळा परत पेटवावं लागणं फ्लेकच्या बाबतीत नेहमीचंच आहे, त्यात कमीपणा मानू नका. जेट लायटर मात्र दूर ठेवा, ब्रायरचा (पाइपच्या लाकडाचा) काठ त्याने करपतो.

प्रश्न : जाणकार म्हणतात फ्लेक चोळायचा नसतो, घडी घालून भरायचा असतो. खरं काय? (पणजी)

जाणकारांना रुबाब करायला आवडतं. दोन्ही रीती बरोबर आहेत, पण गुण वेगळे. चोळलेला तंबाखू सहज पेटतो, चव चटकन मोकळी होते आणि बाउल लवकर संपतो. घडीचा सावकाश आणि थंड जळतो, चव टप्प्याटप्प्याने खुलते. पण भरण्यात चूक झाली तर सुधारता येत नाही.

घडी घालायची तर काप आधी वाळवा. अख्ख्या कापाला चोळलेल्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. लांबीत दुमडा, मग आडवा दुमडा आणि बोटांत किंचित फिरवून थर सैल करा. तळाला चिमूटभर चोळलेला तंबाखू टाकून घडी अशी सोडा की थर उभे राहतील. आडवे थर एकमेकांवर बसून हवा अडवतात. घडी बाउलमध्ये आपल्याआपण सरकली पाहिजे. ढकलावी लागली तर कापाचा तुकडा कमी करा. वर भुग्याचा पातळ थर पसरा, नाहीतर पेटवताना काडी कुठे धरावी हेच कळत नाही. 18 मिमीपेक्षा अरुंद बाउलमध्ये हा उद्योग करू नये.

तिसरी रीत फारशी कुणी सांगत नाही, पण आमच्या मते तीच सर्वांत भरवशाची आहे. कात्रीने कापाचे तीन-चार मिमीचे चौकोन करा, बाउलमध्ये ओता, पाइपवर दोनदा टिचकी मारा आणि वर भुगा घाला. दाबायचं अजिबात नाही. पेटायला वेळ लागतो, पण एकदा पेटला की शेवटपर्यंत शांत जळतो.

एस्कुडोसारख्या तंबाखूत काप नसून चकत्या असतात, म्हणजे पानांची गुंडाळी दाबून तिचे केलेले गोल काप. त्यात व्हर्जिनिया या गोडसर पानाबरोबर पेरीक असतो. पेरीक हे अमेरिकेतल्या लुइझियानाच्या सेंट जेम्स परगण्यातलं पान. ते पिंपात दाबाखाली महिनोनमहिने आंबवतात, त्यामुळे त्याला मनुका-मिरीसारखा तिखट-आंबूस गंध येतो. दोन-तीन चकत्या हलकेच उकलून भरा; पूर्ण चोळल्या तर मधलं आणि कडेचं पान वेगळं लागण्याची गंमत जाते.

प्रश्न : अर्धा बाउल झाला की जीभ भाजल्यासारखी होते आणि पाइप गुरगुरतो. (मुंबई)

दोन्हीचं मूळ वाफेत आहे. ओल्या तंबाखूतली वाफ जिभेवर येते आणि स्टेममध्ये (तोंडात धरायच्या नळीत) थंड होऊन तिचंच पाणी होतं. व्हर्जिनिया फ्लेकमध्ये साखर भरपूर असते. जोरात ओढलं की तो फार तापतो, गोडवा जातो आणि नुसता चटका उरतो. मग चव येत नाही म्हणून माणूस आणखी जोरात ओढतो.

साधारण 20 ते 30 सेकंदांनी एक आखूड झुरका पुरे. पाइप मुठीत आरामात धरता येत नसेल तर खाली ठेवा आणि विझू द्या. दोन ग्रॅमचा बाउल पाऊण तास ते तासभर चालायला हवा; वीस मिनिटांत संपला तर तुम्ही शर्यत लावली आहे. गुरगुर सुरू झाली की पाइप क्लीनर स्टेममधून थेट बाउलच्या तळापर्यंत घाला, दहा सेकंद ठेवा आणि काढा. गरम पाइपचं स्टेम कधीही ओढून काढू नका. सांध्यात ते घट्ट बसलेलं असतं. टेनन (स्टेमचं सांध्यात बसणारं टोक) तरी तुटतं किंवा शँकला (बाउलच्या लाकडी दांड्याला) तडा तरी जातो.

तळाला उरलेला ओला चोथा ओढून संपवण्याचा हट्ट नको, तो कडूच लागणार. जीभ सोलवटली असेल तर बरी होईपर्यंत पाइपला हात लावू नका. तोंडातला पांढरा किंवा लाल चट्टा, जखम दोन आठवड्यांत गेली नाही तर दंतवैद्याला दाखवायलाच हवी.

प्रश्न : पावसाळ्यात फ्लेक वाळतच नाही. शिवाय डब्यात कापांवर पांढरं काहीतरी दिसतंय. (रत्नागिरी)

तंबाखू भोवतीच्या हवेशी ओलीची देवाणघेवाण करतो. सापेक्ष आर्द्रता 60-65 टक्के असेल तर तो ओढण्याजोगा राहतो. कोकणात जुलैत ती 85-90 पर्यंत जाते. तेव्हा उघड्यावर पसरलेला तंबाखू वाळण्याऐवजी ओल घेतो. एसीच्या खोलीत ठेवा. एसी नसेल तर एका वेळेपुरता चोळलेला तंबाखू आणि सिलिका जेलची पुडी छोट्या बरणीत दोन-तीन तास बंद करून ठेवा, पुडी तंबाखूला न टेकवता. जुना पिवळा बल्ब असेल तर त्याच्यापासून वीतभर अंतरावर दहा-पंधरा मिनिटंही पुरतात. मायक्रोवेव्ह नको, ओलीबरोबर सुगंधही उडतो.

पांढऱ्याबद्दल : टॉर्च तिरका धरून भिंगातून पाहा. कण चमकत असतील आणि पानाला सपाट चिकटलेले असतील तर ते जुन्या व्हर्जिनियावर येणारे स्फटिक आहेत. त्यात बिघडलेलं काही नाही. तंतू, कापसासारखा लव किंवा हिरवट-राखाडी झाक दिसली आणि कोंदट वास आला तर बुरशी. मग वरचा काप काढून बाकीचे वाचवण्याची काटकसर करू नका, पूर्ण डबा टाकून द्या आणि बरणी उकळत्या पाण्याने धुवा.

प्रश्न : इथे उलटं आहे. मे महिन्यात काप हात लावताच मोडतात. डब्यात संत्र्याची साल ठेवू का? (नागपूर)

संत्र्याची नको, बटाट्याची नको, सफरचंदाचीही नको. साल कुजते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. संत्र्याचं तेल तंबाखूत उतरतं ते वेगळंच. रुंद वाडग्यात काप पसरा, वाडग्याच्या तोंडावर पिळून काढलेलं ओलं फडकं ताणून बांधा, फडकं तंबाखूला टेकता कामा नये. दर अर्ध्या तासाने काप वरखाली करा. वाकवल्यावर मोडण्याऐवजी दुमडायला लागले की थांबा. वरून पाणी शिंपडू नये, एक कोपरा चिंब आणि दुसरा कोरडा राहतो.

पुढच्या उन्हाळ्याआधी रबरी कडीच्या काचेच्या बरण्या आणा. एकेका बरणीत 50 ग्रॅम, जवळजवळ काठोकाठ, अंधाऱ्या कपाटात, तारखेची चिठ्ठी लावून. झिपच्या प्लास्टिक पिशवीतून ओल हळूहळू जातेच. अशा बरणीत व्हर्जिनिया फ्लेक वर्षानुवर्षं मुरतो, रंग गडद होतो, उग्रपणा उतरतो. सुगंधी अर्क घातलेले तंबाखू मात्र ठेवून सुधारत नाहीत, ते आधी संपवा.

प्रश्न : आमच्याकडचा बिडीचा तंबाखू दाबून घरी फ्लेक करता येईल? (निपाणी)

दाबता येईल, पण ओढवणार नाही. बिडीचं पान उन्हात वाळवलेलं असतं, त्यात साखर कमी आणि निकोटीन जास्त. व्हर्जिनिया तापवलेल्या कोठीत वाळवतात, त्यामुळे साखर पानातच राहते आणि दाबल्यावर तीच गोडवा देते. शिवाय बिडीचा तंबाखू बारीक तुकड्यांत असतो. वडी धरायला लांब पान हवं. घरी प्रयोग करायचाच तर पाइपचाच सुटा व्हर्जिनिया घ्या, वाफेवर मऊ करा, दोन लाकडी फळ्यांमध्ये बटर पेपरात ठेवून सी-क्लॅम्पने आवळा. रोज थोडं थोडं कसत पाच-सहा दिवस ठेवा आणि धारदार सुरीने कापा.

प्रश्न : पाइपचा धूर आत घेत नाही, मग धोका नाही ना? गडद फ्लेक ओढल्यावर गरगरतं, ते का? (सोलापूर)

धोका आहेच. धूर आत घेतला नाही तरी तोंडाचा, घशाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग होऊ शकतो, फुफ्फुसांचाही. गरगरणं निकोटीनमुळे. गडद, धुरावर वाळवलेल्या पानाच्या फ्लेकमध्ये ते जास्त असतं आणि तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही रक्तात जातं. लगेच थांबा, गूळ-पाणी घ्या, मोकळ्या हवेत बसा. उपाशीपोटी असा फ्लेक कधीच नको.

प्रश्न : केंडलचा एक फ्लेक ओढला, आता प्रत्येक तंबाखूला साबणाचा वास येतो. (लेस्टर, इंग्लंड)

केंडलच्या बाजूच्या, लेक डिस्ट्रिक्ट भागातल्या काही तंबाखूंत फुलांचे आणि टोंका बीन या सुगंधी बीचे अर्क असतात, ते लाकडात मुरतात. पाइप पूर्ण थंड झाल्यावर स्टेम काढा, शँकमध्ये पाइप क्लीनर खोचा, बाउलमध्ये कापूस पाऊण भरा आणि ड्रॉपरने व्होडका किंवा रम सोडा. रात्रभर ठेवून तपकिरी झालेला कापूस फेका, गरज पडल्यास पुन्हा करा, मग दोन-तीन दिवस वाळू द्या. बाहेरच्या पॉलिशवर थेंब पडू देऊ नका, ते उतरतं. काही जण कापसाऐवजी मीठ वापरतात, पण त्याने बाउलला तडे गेल्याची उदाहरणं आहेत. डिनेचर्ड स्पिरिट तर मुळीच नको, त्यात मेथेनॉल असू शकतो. यापुढे त्या फ्लेकसाठी मक्याच्या कणसाचा एखादा स्वस्त पाइप वेगळा ठेवा.

प्रश्न : बाउलमधला काजळीचा थर खरवडावा का? (कोल्हापूर)

एक-दीड मिलिमीटरपर्यंत राहू द्या, तो लाकडाला वाचवतो. त्याहून जाड झाला तर रीमरने (काजळी खरवडायच्या खास हत्याराने) उतरवा. चाकूचं टोक लावू नका, तळाचं भोक बिघडतं.