गोळीने हात थांबला, पण आवाज का उघडत नाही?

तुमचा प्रश्न असा: फोंड्याला राहणारे वडील, वय ६८. पार्किन्सनची गोळी सुरू झाल्यावर हाताचं कापणं कमी झालं, पण भजनात आवाज पखवाजाच्या वर येत नाही. डोस वाढवावा का?

स्वतःहून अजिबात वाढवू नका. लेव्होडोपाने, म्हणजे पार्किन्सनच्या नेहमीच्या औषधाने, हातापायांना जितका फायदा होतो तितका आवाजाला बहुधा होत नाही. छातीचे स्नायू ताठरल्याने श्वास तोकडा पडतो, स्वरतंतू मधोमध नीट मिटत नाहीत आणि हवा निसटते. म्हणून आवाज बारीक, एकसुरी होतो. त्याहून अवघड म्हणजे मेंदूतलं मापच बदलतं. पुटपुटताना आपण नेहमीसारखं बोलतोय असंच त्यांना वाटतं, आणि खणखणीत बोलले की ओरडल्यासारखं. हा हट्टीपणा नव्हे. नुसतं "बाबा, मोठ्यानं बोला" म्हटलं की दोन वाक्यांत आवाज परत खाली येतो तो यामुळेच.

यावर मोठ्याने बोलण्याच्या व्यायामाची नेमकी पद्धत आहे, एलएसव्हीटी लाउड: आठवड्यातून ४ दिवस, ४ आठवडे, तासाची १६ सत्रं. ती शिकलेला स्पीच थेरपिस्टच शोधा. सोबत घरी, गोळीचा असर असताना: ताठ बसून पोटातून श्वास, मग लांब "आ", १५ वेळा. त्यानंतर सूर खालून वर, वरून खाली. शेवटी रोजची १० वाक्यं, "चहा झाला काय?" अशी. मोबाइलवर ध्वनी मोजणारं अ‍ॅप तोंडापासून ३० सेंटिमीटरवर ठेवा. आकडा अचूक नसतो. कालच्याशी तुलना करण्यापुरता बघा. रेकॉर्डिंग मात्र त्यांनाच ऐकवा, माप सुधारतं ते तिथे. गळ्याच्या शिरा ताणल्या तर लगेच थांबवा. जोर श्वासाचा हवा, घशाचा नको.

त्याआधी गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे दुर्बिणीने स्वरयंत्र बघून घ्या. लांब "आ" म्हणताना सूर एका लयीत हलत असेल तर तो आवाजाचा कंप, बारीक आवाजाहून वेगळा त्रास. बोलताना शब्द आवळल्यासारखे तुटतात, पण हसताना किंवा गाताना मोकळे येतात, तर स्पॅस्मोडिक डिस्फोनियाची, म्हणजे बोलताना स्वरयंत्राचे स्नायू आपोआप आवळण्याच्या विकाराची, शंका घ्यावी. तिथे स्वरतंतूंच्या स्नायूत बोटॉक्स देतात, साधारण ३ महिने टिकतं. मोठ्याने बोलण्याच्या व्यायामाने तो बरा होत नाही.

पेज किंवा पाणी पिताना ठसका लागतो का, प्यायल्यावर आवाज ओलसर, घरघरता होतो का, हेही सांगा. गिळण्याची तपासणी लांबवू नका. झोपेत श्वास घेताना शिट्टीसारखा कर्कश आवाज येत असेल तर थांबूच नका, त्याच दिवशी दाखवा.

भजनाला बसू द्यात. फक्त अभंगाची लांब ओळ एका दमात ओढायला लावू नका, मध्ये श्वास घेऊन दोन तुकड्यांत म्हणू द्या.