'वसई रोड'मधला रोड

अनेक आशीर्वाद.

वसई रोड स्टेशनचा इतिहास लिहायला घेतलास, फार बरं वाटलं. पहिलं प्रकरण मात्र पुन्हा लिही. त्यात तारखा आहेत, साहेब आहेत, पण वसई नाही.

सुरुवात 'रोड' या शब्दापासून कर. जुन्या स्टेशनांच्या नावात 'रोड' असला की समजायचं, गाव इथं नाही, गावाकडे जाणारा रस्ता इथून फुटतो. चिमाजीअप्पांनी १७३९ साली जिंकलेला किल्ला आणि जुनी वसई खाडीच्या तोंडाशी. सुरतेकडून आलेले बी.बी.सी.आय. या रेल्वे कंपनीचे रूळ १८६४ साली ग्रँट रोडला पोचले, ते वसईच्या पूर्वेच्या अंगानं. बंदराचं गाव बाजूला राहिलं आणि स्टेशनालगतचं नवघर-माणिकपूर इतकं वाढलं, की २००९ साली महानगरपालिका होईपर्यंत त्याची स्वतंत्र नगरपालिका होती.

गाव आणि स्टेशन यांच्यातलं हे अंतर कोणी, कसं कापलं, हाच मला तुझ्या पुस्तकाचा कणा वाटतो. माझी आजी ते बैलगाडीनं कापायची. बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या पाण्यावर पिकवलेली भाजी, केळी, विड्याची पानं रात्रीच टोपल्यांत भरून ठेवायची आणि पहाटेची गाडी धरायची. आई पुढे एसटीनं स्टेशनवर यायची आणि लगेजच्या डब्यातून दादरला जायची. पावसात टोपलीवर केळीचं पान, डोक्यावर इरलं. हे कुठल्याच टाइमटेबलात सापडणार नाही.

तरी कागद सोडू नकोस. विजेची गाडी आपल्या लग्नाच्या वर्षी आली, असं आजी ठामपणे सांगायची. विरारपर्यंत वीज आली १९३६ साली, आणि तिचं लग्न त्याच्या दोन वर्षं आधीचं. गाडीची वेळ मात्र तिला मिनिटासकट पाठ होती. म्हणून म्हाताऱ्यांना साल विचारू नकोस, किती वाजता उठायच्या ते विचार. साल तू शोध. १८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये रेल्वेवरच्या व्यापाराची माहिती आहे, ती आधी उतरवून काढ.

आणि उशीर नको. आईबरोबर डब्यात बसणाऱ्या दोघीजणी अजून वसईजवळच्या गास गावात आहेत. एकीला आता नीट ऐकू येत नाही. येत्या रविवारी सकाळी ये, मी घेऊन जातो.