रंगाजवळ जाऊन थांब, घरची माणसं येतातच

प्रिय बाळ,

तुझे सगळे फोटो बघितले, मोबाईलवर नव्हे, कॉम्प्युटर लावून मोठे करून एकेक बघितला. रंकाळ्याचा सूर्यास्त छान आलाय, पन्हाळ्याचा तट पण चांगला, आणि त्याच्याखाली तू लिहिलंयस की ‘काका, घरात काढलेले सगळे मळकट येतात, आमच्या घरात फोटो काढण्यासारखं काही नाहीच’. तेवढ्या एका वाक्यासाठी हे लांबलचक लिहायला बसलोय, कारण माझी सगळी हौस घरातच फिटलीय आणि अजून फिटतीय, तुझ्या घरात काही नाही हे मला पटणारच नाही.

आधी मळकटपणाचं बघू, ते सोपं आहे. तुझ्या आजीच्या फोटोत एका बाजूनं खिडकीचा उजेड आहे आणि डोक्यावर एलईडी ट्यूब चालू आहे. खिडकीतनं येणारं दिवसाचं ऊन साधारण ५५०० केल्विनचं (हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तेवढा पिवळा, जास्त तेवढा निळसर), ट्यूब ६५०० ची निळसर पांढरी, आणि देव्हाऱ्यातला तो पिवळा छोटा बल्ब २७०० च्या आसपास. डोळा हे सगळं आपोआप जुळवून घेतो पण कॅमेऱ्याला एकच काहीतरी धरायला लागतं, म्हणून आजीचा एक गाल निळसर आणि एक पिवळा, आणि मग तू ॲपमधे सॅच्युरेशन, म्हंजे रंगाचा भडकपणा, ओढतीस आणि तोंड नारिंगी होतं. ट्यूब बंद कर. बस. दिवसा घरात फोटो काढायचा म्हंजे पहिलं काम बटण बंद करायचं, घरचे ओरडतील अंधार केलास म्हणून, ओरडू देत. आणि तुमच्या हॉलची भिंत पोपटी आहे, तिला चिकटून माणूस बसला की ऊन भिंतीवर आपटून हिरवं होऊन त्याच्या तोंडावर येतं, तेव्हा माणसाला भिंतीपासून दोन हात पुढं घे नाहीतर सरळ त्या पोपटी रंगालाच फोटोत मोठी जागा दे, अर्धवट ठेवू नको.

आता मुख्य सांगतो. तू माणसाच्या मागं कॅमेरा घेऊन पळतीयस, ‘आई इकडं बघ, पप्पा हसा की जरा’, असं. उलटं कर. घरात आधी रंग आणि उजेड चांगला कुठं जमलाय ती जागा शोध, तिथं चौकट लावून ठेव, आणि माणूस यायची वाट बघ. घरची माणसं रोज त्याच त्याच जागी येतात गं, हा तर घरच्या फोटोचा सगळ्यात मोठा फायदा आहे, रस्त्यावर हे मिळत नाही. आई मोरीतनं कळशी घेऊन त्याच दारातनं येणार, पप्पा पेपर घेऊन त्याच खुर्चीत बसणार, बारका शाळेतनं आला की दप्तर त्याच कोपऱ्यात टाकणार. तुला फक्त त्या जागेवर ऊन कधी येतं ते माहीत पाहिजे.

आणि ऊन कधी येतं हे कोल्हापूरच्या माणसाला शिकवायला लागू नये, आपल्याकडं तर त्याचा उत्सव असतो. अंबाबाईचा किरणोत्सव, नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी, मावळतीची किरणं महाद्वारातनं थेट आत येऊन देवीच्या पायापासून मुखापर्यंत चढतात. ह्या दोन तारखांचा हिशोब बघ, २१-२२ डिसेंबरला सूर्य सगळ्यात जास्त दक्षिणेला असतो, त्याच्या अलीकडे आणि पलीकडे सारख्याच दिवसांवर तो आकाशात त्याच जागी मावळतो, म्हणून उत्सव दोनदा. तुझ्या घरातलं पण असंच आहे. स्वयंपाकघराच्या खिडकीतनं कवडसा डब्यांच्या फळीवर ज्या दिवशी पडला तो दिवस वहीत लिहून ठेव, नोव्हेंबरच्या दहाला चुकला तर जानेवारीच्या शेवटी परत मिळेल, मधे कुणी बिल्डिंग बांधली नाही म्हंजे. थंडीत दक्षिणेच्या खिडकीतनं ऊन पार खोलीच्या मध्यापर्यंत येतं, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर आपल्या डोक्यावर, सावली पायाखाली, तेव्हा खिडकीतनं काही येत नाही पण फरशीवरनं आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवरनं उलटून मऊ उजेड येतो तो तोंडाला फार छान. पावसाळ्यात तर दिवसभर तसंच, आणि घरात दोऱ्या बांधून कपडे वाळत असतात, सगळं घर रंगीत कापडानं भरलेलं, लोकांना त्याचा वैताग येतो, मला ते दिवस फार आवडतात.

लाल रंगाचं जरा जास्त सांगतो कारण तू कोल्हापुरात राहतीस, लाल टाळून कुठं जाणार.

चटणीचे दिवस आले की तुमच्या गच्चीवर जुन्या साड्या अंथरून मिरच्या वाळत पडतील. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, दोन्हीचा लाल वेगळा आहे हे आधी डोळ्यानं बघून घे, ब्याडगी सुरकुतलेली आणि गडद, बाजूला ठेवली की लगेच कळतं. आता ह्याचा सरळ फोटो काढलास तर एक लाल चिखल येईल, मिरची मिरची वेगळी दिसणारच नाही. असं का तर कॅमेऱ्याच्या सेन्सरवर, म्हंजे उजेड टिपणाऱ्या चिपवर, बारीक रंगीत फिल्टर असतात, चारातले दोन हिरवे, एक लाल, एक निळा (कोडॅकच्या ब्राइस बायरनं काढलेली ही पद्धत, पेटंट १९७६ चं, आणि त्याच्याही आधी १९०७ मधे ल्युमिएर बंधूंनी बटाट्याच्या पिठाचे बारीक दाणे रंगवून काचेवर पसरून रंगीत फोटो बाजारात आणले होते, हे मला अजून पण फार भारी वाटतं). कॅमेरा एकंदर उजेड मोजतो, मिरच्यांच्या ढिगात हिरवं निळं कमी असतं म्हणून त्याला वाटतं अजून उजेड पाहिजे, तेवढ्यात लालचं माप काठोकाठ भरून गेलेलं असतं आणि सगळे बारकावे जातात. म्हणून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायचं बटण) उणे ०.७ किंवा सरळ उणे १ कर, तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम, म्हंजे उजेडाचा आलेख, चालू कर आणि त्यातला लाल उजव्या भिंतीला टेकला नाही एवढं बघ. रॉ मधे, म्हंजे कॅमेऱ्यानं न दाबलेल्या मूळ फाइलमधे, काढ. आणि चढत्या दुपारी काढू नको, सकाळी आठ-साडेआठला ऊन आडवं असतं तेव्हा प्रत्येक मिरचीला सावली असते. पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून वरनं लालच लाल चौकट धर आणि मग थांब, आजी मिरच्या उलट्या करायला येईल, तिचा हिरव्या चुड्याचा हात त्या लालमधे आला की दाब. तोंड दिसायलाच पाहिजे असं काही नाही.

जोतिबाच्या चैत्र यात्रेचं पण हेच. सगळे डोंगरावर सासनकाठ्यांचे आणि उधळणीचे फोटो काढतात, तू पण काढ, कॅमेऱ्याला प्लास्टिक गुंडाळून, कारण गुलाल लेन्सच्या रिंगमधे बसला की निघत नाही. पण माझ्या मते खरा फोटो घरी आल्यावर आहे, काकांच्या कानामागं राहिलेला गुलाबी, आजीच्या पांढऱ्या केसांच्या भांगात अडकलेला, मोरीतनं वाहणारं गुलाबी पाणी, आणि दुसऱ्या दिवशी दोरीवर टाकलेले पांढरे शर्ट जे आता कधीच पांढरे होणार नाहीत. डोंगरावर गर्दी होती, इथं कोण आहे ते दिसतं.

कडा बघ. हे मी तुला समोर पण सांगितलं असतं, बटण दाबायच्या आधी डोळा चौकटीच्या चारी कडांवरनं एकदा फिरव. तुझ्या बहिणीच्या हळदीचा फोटो मस्त आहे, पिवळ्यात पिवळं, पण डाव्या कोपऱ्यात लाल प्लास्टिकचा मग आहे आणि माझा डोळा सारखा तिकडंच जातोय, लाल एवढासा असला तरी खेचतो. एक तर तो उचल, नाहीतर एक पाऊल सरक, किंवा त्याला कामाला लाव म्हंजे नजर जिथं न्यायचीय तिथं तो येऊ दे. पण घर आवरून फोटो काढू नको हां, कॅलेंडर, सिलेंडर, मिक्सर, चपलांचा ढीग हे असू दे, वीस वर्षांनी तेच बघायला मजा येणार आहे. आणि ग्रुप फोटोला सगळ्यांनी एकाच रंगाचे कपडे घालायचं जे खूळ निघालंय ते मला अजिबात पटत नाही, माणसं एकमेकांत मिसळून जातात.

लेन्स नवीन लगेच घेऊ नको. पन्नास एमएमची सगळे सांगतात, पण तुझ्या क्रॉप, म्हंजे लहान, सेन्सरवर ती ७५-८० सारखी वागते, सगळं जवळ ओढते आणि आपल्या पेठेतल्या दहा बाय दहाच्या खोलीत तू मागं भिंतीला टेकलीस तरी निम्मा माणूस बाहेर राहील. तुझ्याकडची १८-५५ झूम आहे ती ३५ वर ठेव आणि महिनाभर तिथनं हलवू नको, पाय हलव. आजीसाठी जमिनीवर बस, बारक्यासाठी गुडघ्यावर. भाकरी थापतानाचा हात धरायला शटर १/१२५ सेकंद पुरतं, पळणाऱ्या पोराला १/२५० तरी पाहिजे, त्यासाठी आयएसओ (कमी उजेडात कॅमेरा किती ताणायचा ते माप) १६०० किंवा ३२०० झाला तर होऊ दे, दाणे दिसले तरी चालतात, हललेलं तोंड परत येत नाही.

लांब जायची घाई आहे तुला, लडाखचं म्हणत होतीस. जा की, नको कोण म्हणतंय. पण त्याआधी एकदा टाऊन हॉल म्युझियममधे जाऊन कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारांची कामं निवांत बघून ये. अबालाल रहिमान मुंबईच्या जेजेमधे शिकले आणि परत आपल्या गावात येऊन राहिले, रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा काठ ह्या जागा त्यांनी परत परत रंगवल्या, त्याच पाण्याचा रंग दर वेळी वेगळा. अमेरिकेत विल्यम एगलस्टननं मेम्फिस भागातल्या अगदी साध्या गोष्टी रंगीत काढल्या, तीनचाकी सायकल, घरं, ओळखीची माणसं, आणि १९७६ मधे न्यूयॉर्कच्या मोठ्या म्युझियमनं त्याचं प्रदर्शन केलं तेव्हा बऱ्याच लोकांना ते फालतू वाटलं होतं. रंगीत फोटो म्हंजे जाहिरातीचा, असं तेव्हा मानायचे.

एक गोष्ट मात्र कडक सांगतो. घरचे म्हणून काय वाट्टेल ते काढायचं आणि टाकायचं नाही. वहिनीच्या बाळाला न्हाऊ घालतानाचे फोटो काढलेस, पाय पसरून बसलेली मावशी, पायावर बाळ, वाफेतनं येणारं ऊन, फार सुंदर आहेत, तुझ्या सगळ्या फोटोंमधे मला तेच पहिले वाटतात. ते नेटवर टाकू नकोस. वहिनीला प्रिंट दे. ताई नको म्हणाली तर कॅमेरा खाली, तिथं वाद घालायचा नाही. आजोबांच्या आजारपणात काढू का असं विचारलंयस, त्यांनाच विचार, आणि हो म्हणाले तर त्यांचे हात काढ, त्यांची पानाची चंची काढ, पलंगाशेजारची ती निळी खिडकी काढ.

आणि प्रिंट काढच. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की तो दाबून बारीक होतो, मला पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठव. दर महिन्याला चार-पाच निवडून मॅट पेपरवर चार बाय सहा काढून आण, मागं मऊ पेन्सिलनं कोण, कुठं, कधी ते लिही, बॉलपेननं नको, पुढं उठतं. मिरच्या कधी टाकणार ते आईला विचारून कळव, म्हंजे आदल्या दिवशीच गच्चीवर येतो आणि टाकीच्या मागनं ऊन किती वाजता मोकळं होतं ते दोघं मिळून बघून ठेवू.

काका