बोगनवेलीला नुसती पानंच

प्रश्न : लेक जैसलमेरला असते. अंगणातल्या बोगनवेलीला ती रोज दोनदा पाणी घालते, युरियाही देते. वर्ष झालं, पानं रग्गड, फूल एकही नाही. उपटून दुसरी लावावी का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : ताई, उपटू अजिबात देऊ नका! बोगनवेलीची मुळं फार नाजूक असतात, हलवली की वेल दगावते. तिला फक्त पाणी आणि युरिया जास्त होतंय. माझ्या नेरूळच्या गच्चीवर मीही दोन वर्षं हेच केलं. मग एका फेब्रुवारीत पानं मलूल होईपर्यंत पाणी तोडलं, आणि तीनेक आठवड्यांत फांदीच्या टोकांना गुलाबी चिमट्या दिसल्या. त्या म्हणजे रंगीत पानंच. खरं फूल आत, पांढरं, नखाएवढं.

वाळवंटात अगदी कोरडंही ठेवायचं नाही. बोट दोन पेरं मातीत खुपसायचं, कोरडं लागलं तरच पहाटे सावकाश, खोलवर मुरेल इतकं पाणी. युरिया बंद. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून बहर ओसरला की शेंडे छाटायचे. आणि तिकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री कडाक्याच्या असतात, तेव्हा कोवळ्या वेलीवर गोणपाट टाकायला लेकीला आठवणीने सांगा.