‘हॉटेल कॅलिफोर्निया’ आणि ‘स्टेअरवे टू हेवन’ ऐकून कंटाळा आला आहे. जुन्या रॉकमधील दहा दुर्लक्षित गाणी सुचवाल का?

दहा नाही, तीनच सुचवतो. आणि तीही आपल्याला नकोशा झालेल्या गाण्यांच्या शेजारचीच आहेत.

१९९२ च्या मे महिन्यात दादाने नागपुरातल्या सीताबर्डीहून ईगल्स या बँडची ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ ही कॅसेट आणली. पहिले गाणे संपले की तो ती रिवाइंड करून तेच पुन्हा लावत असे. पुढचे ऐकू या म्हटले, की ‘चांगली असती तर लोकांनी ऐकली नसती का?’ हे त्याचे ठरलेले उत्तर. एका दुपारी तो घरी नसताना मी ते गाणे संपताच कॅसेट उलटवली. दोन्ही बाजू एकाच फितीवर उलट दिशांनी भरलेल्या असल्यामुळे पहिल्या बाजूच्या आरंभापाशीच दुसरीचा शेवट येतो, आणि तिथे होते ‘द लास्ट रिसॉर्ट’. जरा मागे घेऊन सुरुवात शोधली, तर पियानो इतका हळुवार, की कूलरच्या घरघरीत ऐकू येईना. अखेर कूलर बंद केला आणि धरमपेठेतल्या त्या तापलेल्या खोलीत घाम पुसत सात मिनिटांचे ते गाणे सलग तीनदा ऐकले. प्रॉव्हिडन्सहून पश्चिमेकडे निघालेल्या एका स्त्रीपासून सुरू होऊन, माणसे एकेक सुंदर प्रदेश नासवत थेट हवाईपर्यंत कशी पोहोचतात, हे ईगल्सचा गायक डॉन हेन्ली त्यात जराही घाई न करता सांगतो.

दादाचे म्हणणे मला तेव्हाही पटले नव्हते. लोक जे वाजवले जाते ते ऐकतात. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये डीप पर्पल या बँडचे ‘स्मोक ऑन द वॉटर’ वाजते, कारण त्याची चार सुरांची धून नवशिक्यालाही जमते. ते ज्या ‘मशीन हेड’ (१९७२) अल्बममध्ये आहे, त्यातीलच ‘पिक्चर्स ऑफ होम’ ऐका. त्यात रॉजर ग्लोव्हरची बास गिटार एकटी पुढे येते. लेड झेपलिनच्या ‘स्टेअरवे’च्याच अल्बममध्ये शेवटी ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’ आहे. मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुरावरील हे १९२९ मधील ब्लूज गाणे. लेड झेपलिनने त्यासाठी ड्रम एका जुन्या वाड्याच्या प्रवेशदालनात जिन्याच्या पायथ्याशी ठेवून माइक जिन्यावरून वर टांगले होते, आणि ती घुमणारी थाप चांगल्या हेडफोनवरच ऐकावी.

प्रसिद्ध गाणी वाईट आहेत, असे मात्र मी म्हणत नाही. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या शेवटी डॉन फेल्डर आणि जो वॉल्श यांच्या गिटारी एकत्र येतात, तेव्हा मी आजही हातचे काम थांबवतो. ते संपल्यावर कॅसेट पुढे जाऊ दे, एवढेच मी दादाला म्हणत होतो.