‘ह्यूमर’ म्हणजे विनोद, मग ‘बॅड ह्यूमर’ म्हणजे काय?

तुम्ही विचारलंय की एका जुन्या इंग्रजी कादंबरीत ‘ही वॉज इन अ बॅड ह्यूमर’ असं वाक्य आलं, आणि पुढे एक पात्र दुसऱ्याला ‘जस्ट ह्यूमर मी’ म्हणालं. ह्यूमर म्हणजे विनोद एवढंच ठाऊक असल्यामुळे दोन्ही वाक्यं अडली.

पहिल्याचा अर्थ ‘त्याचं काहीतरी बिनसलं होतं’. दुसऱ्याचा अर्थ ‘तुला पटत नसेल, तरी माझ्यासाठी एवढं कर’. विनोदाचा संबंध दोन्हीकडे नाही. का नाही, ते सांगायला मला आवडेल, कारण या शब्दाचा प्रवास मला फार आवडतो.

आईला काचबिंदू झाला तेव्हा डॉक्टरांनी कागदावर डोळा काढून दाखवला होता. डोळ्याच्या पुढच्या भागात पाण्यासारखा पातळ द्रव असतो, तो आतच सतत तयार होतो आणि बारीक वाटेने निचरून जातो. ती वाट तुंबली की डोळ्यातला दाब वाढतो आणि नजरेच्या नसेला इजा होते. त्या द्रवाला त्यांनी ‘अ‍ॅक्विअस ह्यूमर’ म्हटलं. ह्यूमर हा शब्द तिथे ऐकून मी चमकलो, आणि घरी येऊन शब्दकोश उघडला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थच मुळी ओलावा, द्रव. दमट हवेला इंग्रजीत ‘ह्यूमिड’ म्हणतात, तो याचाच भाऊबंद.

द्रवाचा स्वभाव कसा झाला, हे ग्रीक वैद्यकात सापडतं. हिपोक्रेटिसच्या परंपरेतले वैद्य, आणि पुढे इ. स. दुसऱ्या शतकातला गॅलेन, असं मानत की शरीरात चार द्रव आहेत: रक्त, कफ, पिवळं पित्त आणि काळं पित्त. त्यांचं प्रमाण बिघडलं की माणूस आजारी पडतो, आणि ज्याच्यात जो द्रव जास्त, तसा त्याचा स्वभाव. रक्त जास्त असलेला उत्साही, कफवाला थंड, पिवळ्या पित्ताचा तापट, काळ्या पित्ताचा उदास. ‘मेलंकली’ या शब्दाचा ग्रीकमधला अर्थ अक्षरशः ‘काळं पित्त’ असा आहे. हाच विचार अरबी-फारसीतून आपल्याकडे युनानी वैद्यकात आला. दम, बलगम, सफरा, सौदा हे ते चार. हिंदीत खोकल्याच्या कफाला बलगम म्हणतात, तो शब्द या यादीतलाच.

मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. राग आला की आपलं ‘पित्त खवळतं’. आपण एखाद्याला ‘पित्तप्रकृतीचा’ म्हणतो. आयुर्वेदाचे वात-पित्त-कफ वेगळे, तिथे दोष तीन आहेत, पण शरीरातल्या गोष्टीवरून स्वभाव सांगायची सवय तीच.

तर इंग्रजीत ह्यूमर म्हणजे आधी शरीरातला द्रव, मग स्वभाव, मग त्या वेळची मनःस्थिती, लहर. तुमच्या कादंबरीतलं पहिलं वाक्य या पायरीवरचं आहे. ‘गुड ह्यूमर्ड’ माणूस म्हणजे विनोदी माणूस नव्हे. तो हसतमुख, मोकळ्या मनाचा असतो, आयुष्यात एकही विनोद न सांगता.

विनोद यात शिरला तो एकेका माणसाच्या खोडीवाटे. 1598 साली लंडनमध्ये बेन जॉन्सनचं ‘एव्हरी मॅन इन हिज ह्यूमर’ हे नाटक रंगभूमीवर आलं. त्यातल्या पात्रांना एकेका खुळाने झपाटलेलं आहे, कुणाला संशयाने तर कुणाला फुशारकीने. अशा खुळावर प्रेक्षक हसत. म्हणूनच ‘ह्यूमरिस्ट’चा एक जुना अर्थ ‘लहरी, विक्षिप्त माणूस’ असा होता. पुढे अशा माणसांचं चित्र रंगवणारा तो ह्यूमरिस्ट, आणि हसवणारी गोष्ट किंवा ती दिसण्याची दृष्टी म्हणजे ह्यूमर झाला.

आपल्या ‘विनोद’चंही असंच झालं आहे. ‘काव्यशास्त्रविनोदेन कालो गच्छति धीमताम्’ यातला विनोद म्हणजे थट्टा नव्हे, मन रमवणं. आणि ‘रस’ पाहा: उसाचाही रस आणि नाट्यशास्त्रातला हास्यरसही. ह्यूमर आणि रस यांचं नातं काहीच नाही, पण दोन्हीकडे द्रवाचा शब्द मनापर्यंत पोचला, हे मला विलक्षण वाटतं.

आता वापराचं. ह्यूमर हा एकेरी किस्सा नसतो, म्हणून ‘ही टोल्ड अ ह्यूमर’ चूक. तिथे ‘जोक’ हवा. मी शिकवताना ही चूक खूप पाहिली आहे. ‘सेन्स ऑफ ह्यूमर’साठी मराठीत ‘विनोदबुद्धी’ अगदी नेमका शब्द आहे. स्पेलिंगचं म्हणाल तर ब्रिटिश पद्धतीत शेवटी ‘ओयूआर’, अमेरिकन पद्धतीत ‘ओआर’. मात्र ‘ह्यूमरस’ लिहिताना ब्रिटिशही तो यू गाळतात.

क्रियापद मात्र जपून वापरा. ‘टू ह्यूमर समवन’ म्हणजे त्याच्या कलाने घेणं, मन राखणं. आजोबा रात्री तिसऱ्यांदा म्हणतात, ‘कडी लावली का बघ रे’. कडी लावलेली आहे हे माहीत असूनही आपण उठतो आणि बघून येतो. ते ह्यूमर करणं. यात प्रेम आहे, पण समोरच्याचा हट्ट खरं तर गरजेचा नाही, हेही त्यात येतं. त्यामुळे वरिष्ठांना ‘आय वॉज ह्यूमरिंग यू’ म्हणालात तर त्यांना ते लागेल. स्वतःबद्दल बोलताना तसं होत नाही. तुमच्या कादंबरीतलं पात्र ‘जस्ट ह्यूमर मी’ म्हणतं तेव्हा ते आपल्या हट्टाला आधीच हट्ट म्हणून मोकळं होतं, आणि म्हणून ती विनंती ऐकणाऱ्याला मोडवत नाही.