बोअरचं पाणी, लातूरचा उन्हाळा आणि जिवंत वनस्पतींची फिश टँक

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: लातूरला राहता, घरात दोन फुटी काचेची टाकी रिकामी पडून आहे, बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, 900 च्या आसपास येतो. यात प्लास्टिकची नव्हे, खरी झाडं लावून टँक जमेल का, मासे कोणते आणि कधी सोडायचे, आणि मे महिन्यात लाईट गेली की काय करायचं?

जमतं. मी परभणीत तसल्याच पाण्यावर सहा वर्षं टँक चालवतोय. फक्त व्हिडिओत दिसणारा तळभर पसरलेला हिरवा गालिचा डोक्यातून काढा. त्या बुटक्या वनस्पतींना भरपूर उजेड, सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड आणि थंड पाणी लागतं. आपल्याकडे एप्रिलमध्ये नळ सोडला की गरम पाणी येतं, तिथं तो गालिचा टिकवायला बसलात तर छंदाची नोकरी होईल.

माझी पहिली टाकी कशी वाया गेली ते आधी सांगतो, कारण तुम्हीही तेच करणार असं वाटतंय. झाडं म्हटल्यावर माती हवी, आणि माती म्हटल्यावर आपल्या वावरातली काळी माती, असा माझा हिशेब. दोन घमेली तळाला टाकली, वर पाणी ओतलं. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि तिचे कण इतके बारीक असतात की खाली बसायचं नावच घेत नाहीत. आठ दिवस टाकीत चहा भरल्यासारखं दिसत होतं. त्यात दुकानदार म्हणाला, ‘आजच सोडा, काय होत नाय’, म्हणून सात मासे त्याच दिवशी सोडले. तिसऱ्या दिवशी पाच मेले. वडील शेतकरी माणूस, टाकीकडे बघून एवढंच म्हणाले, ‘वावर उगवायच्या आधीच गुरं सोडलास की रे.’

याहून चांगलं कुणी समजावलेलं नाही मला. आधी पीक, मग गुरं.

आता पाण्याकडे येऊ. 900 टीडीएस ऐकून घाबरू नका, आणि सगळी टाकी आरओच्या पाण्यानं भरायचा विचारही करू नका. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट असतं. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला यांसारख्या वनस्पती पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड कमी पडला की त्या बायकार्बोनेटमधूनच कार्बन घेतात. म्हणजे जे पाणी तुमच्या गिझरमध्ये खडे करतं, तेच या झाडांचं खाद्य. उजेड जास्त झाला तर हायड्रिलाच्या पानावर हात फिरवून बघा, खरखरीत पांढरा थर लागेल. तो रोग नाही, कार्बन ओढून घेतल्यावर उरलेला चुना आहे. टीडीएस मीटर मात्र क्षार किती तेवढंच सांगतो, कोणते ते सांगत नाही. शेताजवळच्या बोअरमध्ये नायट्रेट बऱ्याचदा जास्त असतं. पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. चाचणीच्या पट्ट्या ऑनलाईन मिळतात, एकदा बघून घ्या. नायट्रेट असेल तर झाडांना वरून नत्र द्यायचं कामच उरत नाही.

आरओचं पाणी एकाच कामाला वापरा: वाफ होऊन उडालेलं पाणी भरून काढायला. वाफ होते ती पाण्याची, क्षार टाकीतच राहतात. माझ्या दोन फुटी टाकीतून मे महिन्यात रोज लिटर-दीड लिटर पाणी उडतं. त्या जागी परत बोअरचंच ओतत गेलात तर दोन महिन्यांत 900 चे दीड हजार व्हायला वेळ लागत नाही. महानगरपालिकेचं नळाचं पाणी वापरणार असाल तर त्यातलं क्लोरीन काढावं लागतं, पण आठवड्याने येणारं पाणी टाकीत साठवायची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे काम आपोआप झालेलं असतं. एक दिवस उघड्या बादलीत ठेवलं तरी साधं क्लोरीन उडून जातं. घरात मिठावर चालणारं वॉटर सॉफ्टनर असेल तर ते पाणी नको. त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं, आणि ते झाडाच्याही कामाचं नाही, माशाच्याही.

टाकी 2 बाय 1 बाय 1 फूट असेल तर काठोकाठ 56 लिटर होतात. वाळू-दगड धरून 75-80 किलोचं वजन. टीव्हीच्या पोकळ कपाटावर ठेवू नका. मी खाली विटांचे दोन खांब, वर शहाबादी फरशी आणि फरशीवर थर्माकोलचा शीट घातलाय. खिडकीचं ऊन टाकीवर पडलं की शेवाळ ठरलेलं.

तळाला नदीची जाड वाळू, दीड-दोन इंच. क्रश सँड नको, ती धारदार असते. वाळू चाळून, स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुवा. माझ्या दहा बादल्या गेल्या, ते पाणी अंगणातल्या झाडांना घातलं. मूठभर वाळूवर लिंबू पिळून बघा. फसफसली तर तिच्यात चुन्याचे कण आहेत, आणि आपल्या पाण्यात आणखी चुना कशाला? शेणखत, गांडूळखत, काहीही तळाला घालू नका. कच्च्या खतानं पीक जळतं ना, तसंच इथं त्यातून सुटणाऱ्या अमोनियानं मासे जळतात.

झाडं पहिल्याच दिवशी दाट लावा, ‘दोन काड्या लावून बघू’ असं नको. मोकळी जागा आणि उजेड दिसला की शेवाळ येतं, जसं विरळ पेरलेल्या वावरात तण माजतं. मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया. तिची मुळं वाळूत, पण जिथून पानं फुटतात तो पांढरट भाग वर राहू द्या, नाहीतर कुजते. कोपऱ्यात हॉर्नवर्ट, तिला मुळंच नसतात, नुसती सोडून दिली तरी महिन्याभरात दुप्पट होते. मधे क्रिप्टोकोरीन. ही लावल्यावर आठवडाभरात पानं वितळून जातात आणि माणूस उपटून फेकतो. फेकू नका! मुळं जिवंत असतात, तीन-चार आठवड्यांत नवी पानं येतात. नर्सरीत अशी बरीच झाडं पाण्याबाहेर वाढवलेली असतात, पाण्यात गेल्यावर जुनी पानं टाकून नवी काढणं हा त्यांचा स्वभावच. अनुबियास आणि जावा फर्न घेतलीत तर त्यांचं जाड आडवं खोड वाळूत पुरायचं नाही, दगडाला दोऱ्यानं बांधायचं.

झाडांबरोबर बारक्या गोगलगायी येतातच. 2022 च्या पावसाळ्यात तुमच्या भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली होती, त्यामुळे लातूरकर गोगलगाय दिसली की दचकतो हे मला माहीत आहे. ती जमिनीवरची वेगळी. टाकीतल्या या चिमुकल्या कुजकी पानं आणि उरलेलं खाद्य खातात. त्या फार वाढल्या तर समजायचं की आपण खाद्य जास्त टाकतोय.

खताबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण यात मी वर्ष घालवलं. दुसऱ्या टाकीत नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या अशी यायला लागली. वडिलांनी बघितलं आणि म्हणाले, केवडा पडलाय. चुनखडीच्या रानात भुईमुगावर, उसावर पडतो तोच. लोह असतं, पण सामू (पीएच) आठच्या वर गेला की ते झाडाला घेता येत नाही. कृषी केंद्रातून ईडीटीए चिलेटेड लोह, म्हणजे ईडीटीए नावाच्या रसायनानं धरून ठेवलेलं लोह, आणून टाकलं, काही फरक पडेना. नंतर कळलं की ईडीटीए लोहाला साधारण साडेसहा सामूपर्यंतच नीट धरून ठेवतं, आपल्या पाण्यात ते सुटून जातं. डीटीपीए हे तसलंच दुसरं रसायन त्याहून वर, साडेसातपर्यंत टिकतं. ईडीडीएचए नऊपर्यंतही टिकतं, पण पाणी लालसर होतं. मी शेवटी मुळाशी वाळूत खुपसायच्या तयार खतगोळ्यांवर आलो, त्यांनी काम झालं. घरात ड्रिपसाठी आणलेलं 19:19:19 पडलेलं असेल तर त्याला टाकीपासून लांब ठेवा. त्यात युरिया आणि अमोनियाच्या रूपातलं नत्र असतं, म्हणजे माशांना सरळ विषच. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणात तांबं असतं, ते झिंगे आणि गोगलगायींना मारतं.

दिव्याचं सोपं आहे. 6500 केल्विनचा 10-12 वॉटचा एलईडी, टायमर लावून रोज सहा तास. मी दुपारी चार ते रात्री दहा ठेवलाय, लाईट जाण्याची वेळही टळते आणि घरी आल्यावर टाकी बघायलाही मिळते.

झाडं लावून फिल्टर सुरू केला की मासे न सोडता महिनाभर थांबायचं. हाच भाग लोकांना जड जातो. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच निरुपद्रवी आणि झाडांच्या कामाचं. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर, वाळूवर वस्ती करायला तीन ते सहा आठवडे घेतात. तोवर रोज चिमूटभर खाद्य रिकाम्या टाकीत टाकायचं, म्हणजे त्यांना उपास घडत नाही. आपल्याकडे हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण अमोनियाचा विषारी भाग सामू आणि उष्णतेबरोबर वाढतो. सामू सातवरून आठवर गेला की तो जवळपास दहापट होतो. मुंबईतला माणूस ‘मी तर पहिल्याच दिवशी मासे सोडले, काही झालं नाही’ म्हणतो, ते त्याच्या मऊ, कमी क्षारांच्या पाण्यात खपून जातं.

कुणाची जुनी, निरोगी टाकी माहितीत असेल तर तिच्या फिल्टरचा स्पंज तुमच्या टाकीत पिळून घ्या, विरजण लावल्यासारखं. आठवडे वाचतात. पुढे स्पंज धुवायचा तोही टाकीतून काढलेल्या पाण्यातच, नळाखाली नाही. पाणी तपासायच्या थेंबांच्या किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की टाकी तयार.

उन्हाळा. पाणी गरम झालं की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि माशांना तर जास्त लागतो. 32 अंशांच्या वर गेलं की मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. झाकण काढा, वर बारीक जाळी टाका आणि पाण्यावर तिरपा वारा येईल असा छोटा टेबल फॅन लावा. दोन-तीन अंश सहज उतरतात, माठाचंच तत्त्व. कूलर असलेल्या खोलीत फॅनचा परिणाम कमी दिसतो कारण हवा आधीच दमट असते, पण खोलीच थंड असते म्हणून हिशेब बरोबर बसतो. बर्फाच्या बाटल्या मी टाकत नाही, झटक्यात तापमान खाली-वर झालेलं माशांना उन्हापेक्षा वाईट.

लाईट गेल्यावर पहिला धोका फिल्टर बंद पडण्याचा. म्हणून मी स्पंज फिल्टरच वापरतो, तो हवेच्या पंपावर चालतो आणि पंपाला दोन-तीन वॉट लागतात. इन्व्हर्टरवर जोडा, नसेल तर बॅटरीवरचा पंप घेऊन ठेवा. दाट झाडांवर भरवसा ठेवू नका. अंधारात तीही प्राणवायू घेतात, त्यामुळे रात्रीची लाईट गेली की धोका वाढतो.

मासे सांगतो. कडक पाण्यात खूश असतात ते गप्पी, प्लॅटी, मॉली. निऑन टेट्रा मऊ पाण्याचा, त्याच्या नादी लागू नका. गोल्डफिशला थंड पाणी आणि मोठी जागा हवी, शिवाय तो झाडं उपटतो. तुमच्या टाकीत आठ गप्पी पुरेत, आणि नरच घ्या. एक मादी आली की महिन्याला वीस-तीस पिल्लं, आणि मग लोक ती ओढ्यात, विहिरीत सोडतात. ते करू नका, तिथल्या माशांच्या तोंडचं खातात. झाडंही नदीत टाकू नका. गोदावरीला जलपर्णीचाच ताप पुरेसा आहे. एकदम आठही सोडायचे नाहीत, आधी तीन, दहा दिवसांनी बाकीचे. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच.

शेजारचे एक आजोबा टाकी बघून म्हणाले होते, ‘प्यायला पाणी नाही अन् ह्यांचे मासे पोहायलेत.’ 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावात तुम्हालाही कुणीतरी ऐकवेलच. हिशेब सांगून टाका: झाडं दाट असली की आठवड्याला आठ-दहा लिटर बदललेलं पुरतं, आणि काढलेलं पाणी तुळशीला, कढीपत्त्याला जातं. त्यात माशांचं खत असतं, कढीपत्ता कसा फुटतो ते बघाच.

व्हॅलिस्नेरिया लातूरच्या दुकानात नाही मिळाली तर कुठल्याही जुन्या टाकीवाल्याकडे मागा, पैसे देऊ नका. आम्ही महिन्याला मूठमूठ उपटून फेकत असतो. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत घातली की परभणी ते लातूर एसटीच्या प्रवासात तिला काही होत नाही, एका मित्राला पाठवून पाहिलीय.